चारानं भागलेलं वजन

आमच्या उस्तादचा जमिनीवर विश्वास नव्हता. क्रेन साइटवर आली की तो आधी चपला काढायचा आणि क्रेनचे पाय जिथे टेकायचे, त्या चारही जागी उजवी टाच रुतवून अर्धी गिरकी घ्यायचा. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस भर उन्हात असा नाचू लागला की मजूर तोंड फिरवून हसत. मी नवा इंजिनिअर, त्यामुळे तोंड न फिरवताच हसायचो.

"हसा, साहेब. वर मले बसाचं आहे."

खरंच होतं ते. क्रेन कलली की बोट पहिल्यांदा ऑपरेटरकडे जातं, आणि एकदा गेलं की त्याला अख्ख्या नागपुरात कोणी क्रेनवर बसवत नाही. उस्तादची सत्तावीस वर्षं न कलता गेली होती.

दुसरं वेड लाकडाचं. रेल्वेचे जुने स्लीपर तो लेकरांसारखे सोबत न्यायचा आणि क्रेनच्या प्रत्येक पायाखाली अंथरायचा. म्हणायचा, "वजन गुन्हेगार नसते, साहेब. जागा कमी पडते." माझ्या पुस्तकातही हेच होतं, बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. फक्त पुस्तकानं कधी चपला काढल्या नव्हत्या.

त्या दिवशी एक जनरेटर भिंतीपलीकडे ठेवायचा होता. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला, आणि माती आपली काळी. मी ऐटीत कागदावर गणित मांडलं. क्रेन आणि जनरेटर मिळून तीस टन, पाय चार, एका पायावर साडेसात. खाली एक चौरस मीटर लाकूड, म्हणजे चौरस मीटरला साडेसात टन. जमीन बारा सोसते. झालं!

उस्ताद टाचेचा चिखल पाहत म्हणाला, "लाकूड दुप्पट पाहिजे. गोदामातून आणतो. दोन घंटे द्या."

"काहून?" मी त्याच्याच बोलीत टिंगल केली.

"बैलालेबी चार पाय असते, साहेब. वळताना सारा भार एकावर येते. तुमी चारानं भागून राहिले."

मी कागदाची घडी खिशात घातली आणि म्हणालो, "उचला."

जनरेटर सरळ वर गेला. मी मजुरांकडे पाहून डोळासुद्धा मारला. मग क्रेनचा लांब हात भिंतीकडे वळू लागला आणि पुढच्या डाव्या पायाखालचं लाकूड करकरलं. फटींतून चिखल वर आला. त्याच्या तिरक्या समोरचा, मागचा उजवा पाय जमिनीपासून सुटला, आधी बोटभर, मग वीतभर.

"उस्ताद, उडी मारा!" कोणीतरी ओरडलं.

केबिनचं दार उघडंच होतं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. दोन बोटांनी दांडा मागे घेतला. जनरेटर आल्या वाटेनं परत निघाला, इतका हळू, की तो फिरतोय की मलाच चक्कर येतेय ते कळेना. शेवटी सुटलेला पाय धप्पकन टेकला. उस्ताद उतरला आणि पाणी प्यायला.

क्रेनचा मालक धावत आला. "कोणाची चूक?"

कागद माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "जमीन मऊ निघाली."

उस्तादनं माझ्याकडे पाहिलं. "ती बोलत नाही म्हून तिच्यावर टाकलं का, साहेब?"

मालक म्हणाला, जमीन पाहणं ऑपरेटरचं काम. आणि चावी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी मी तो कागद मालकापुढे ठेवला. मला "पुढच्या वेळी सांभाळा" एवढंच ऐकावं लागलं. उस्तादला परत बोलवा, असंही तो म्हणाला. मी फोन लावला. उस्ताद भिवापूरला, भावाच्या शेतात होता.

"मी खरं सांगितलं, उस्ताद. मालक बोलावतोय. या."



"लाकूड दोन मिनटात बोललं, साहेब. तुमाले तीन दिवस लागले."

"चुकलो मी."

"हो, चुकलेच." मग तो हसला. "मी नाही येत आता. मिरची तोडून राहिलो. पण माह्या जागी जो बसन, त्याले लाकूड दुप्पट द्या. त्यानं मागाच्या आधी."