मेथीच्या जुडीतला शब्द

"बाई, फास्ट म्हंजे काय?"

वर्ध्यात मास्तरीण म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. साल त्रेपन्न असेल. सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीच्या ओट्यावर भाजीची टोपली उतरवत डोमाजींनी मला पहिल्यांदा विचारलं ते हे. मी वांग्यांचा भाव विचारायच्या आधी. पन्नाशी उलटलेला काटक माणूस, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, नखांत सिंदी मेघेच्या वाडीतली माती. मला हसूच आलं. म्हटलं, "फास्ट म्हणजे जलद."

"मंग मले साहेबानं काऊन मारलं?"

मग हकीकत कळली. तरुणपणी डोमाजी सिव्हिल लाइन्समध्ये एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर नोकर होते. साहेबानं एकदा घोडा हवाली करून 'फास्ट' बांधायला सांगितला. यांनी तो भराभर बांधला, गाठ धड बसली नाही, आणि घोडा थेट नाल्यापार गेला. साहेबाला तो घट्ट बांधायला हवा होता. "धावते ते बी फास्ट, आन् जागचं हालत नाई ते बी फास्ट! हे कसं काय चालते, बाई?"

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते एका भाजीवाल्यानं दाखवावं याचा मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू! त्या दिवशी मी वांग्यांच्या भावात उगाच घासाघीस केली.

अशा शब्दांना डोमाजी 'उफराटे' म्हणत. दुसरा उफराटा त्यांना वांग्याच्या वाफ्यातच सापडला होता. बंगल्यावरची मडम 'डस्ट' म्हणाली की ते खुर्च्यांवरची धूळ पुसत. स्वराज्य आल्यावर शेतकी खात्याचा एक बाबू किडीची पूड घेऊन वाडीत आला आणि म्हणाला, झाडांना डस्ट करा. "मी फडकं घेऊन उभा, बाई! वांग्याचं पान पुसून राह्यलो. बाबू म्हने, अरे, टाक ना पूड! आता मले सांगा, धूळ काढाची का टाकाची?" हे सांगताना ते स्वतःच इतके हसत की डोळ्यांना दुपट्टा लावावा लागे. पण हसून झालं की नेहमीचं वाक्य यायचंच. "म्हून मी सांगतो, आधी इचारून घ्याव. मंग हात लावाव."

पुढे आमचा एक शिरस्ताच पडून गेला. बाजाराच्या दिवशी सकाळी डोमाजी माझ्याकडे मेथीची जुडी टाकून पुढे जात. जुडीच्या पोटात विडीच्या पुड्याच्या कागदाची चिठ्ठी असे, तिच्यावर पेन्सिलीनं बाळबोध अक्षरात एकच शब्द. मी मागच्या बाजूला त्याचे दोन अर्थ लिहून पुढच्या बाजाराला चिठ्ठी परत करायची. 'सीड' म्हणजे बी पेरणं, आणि फळातलं बी काढून टाकणंसुद्धा. 'क्लीव्ह' म्हणजे चिकटून राहणं आणि चिरून दोन करणं. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि बंदीसुद्धा. हा शब्द वाचून ते म्हणाले, "सरकारी दिसते." माझ्या मैत्रिणी मला चिडवत, भाजीवाल्याच्या चिठ्ठ्या येतात म्हणून. येऊ देत! मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची. शाळेत मला कुणीही इतकं आनंदानं काही विचारत नव्हतं.

एकदा 'लेफ्ट' आला. मी लिहिलं, निघून गेलेला आणि मागे उरलेला. डोमाजींनी ते ओट्यावर बसून दोनदा वाचलं. "मंग वच्छीची माय बी लेफ्ट, आन् आमी दोघं बी लेफ्ट," एवढंच म्हणाले आणि टोपली उचलली. बायको जाऊन तेव्हा त्यांना चार वर्षं झाली होती.

वच्छी म्हणजे वच्छला, त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेली तेव्हा सातवी पास झालेली. घर आणि वाडी तिच्यावर आली आणि शाळा सुटली. पण डोमाजींनी तिला पुस्तकं आणून दिली, आणि ती निंदण-खुरपण करून, भाकरी थापून, चुलीपुढे बसून वाचत राहिली. चिठ्ठ्यांवरचे निम्मे शब्द तिनंच शोधलेले असत, हे मला फार उशिरा कळलं. सतराव्या वर्षी तिनं बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. दर रविवारी ती चालत माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. मुलगी अबोल आणि विलक्षण चिकाटीची. चुकली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि तेच वाक्य पुन्हा लिहायची.

त्याच सुमाराला तिच्या मामानं हिंगणीचं एक स्थळ आणलं. मुलगा चांगला, घरचं खाऊनपिऊन सुखी. नातेवाईक डोमाजींच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी त्यांनी चार माणसांत शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितला. "पोरगी यंदा मॅट्रिकले बसून राह्यली. बसली त पास होवो का नापास, मी तिले दोन वर्सं शिकवीन, लग्नाचं नाव कोनी काढाचं नाई. नाई बसली त वैशाखात लगन लावून देईन. असं बोलून आलो, बाई." मग दुपट्ट्याच्या गाठीतून त्यांनी घडी केलेला फॉर्म काढला. वच्छलेनं सुवाच्य अक्षरात भरलेला, खाली डोमाजींची सही. आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंची सही घेऊन तो नागपूरला पाठवायचा होता. "तुमच्या हाती देतो," ते म्हणाले.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. त्या रविवारी मी वच्छलेची चाचणी घेतली. निबंध फार कच्चा होता. मला वाटलं, ही नापास होणार. आणि खरं सांगायचं तर दुसरंही वाटलं, की हेडमिस्ट्रेसबाईंना मी शब्द टाकणार, मुलगी नापास झाली की बाई सगळ्यांसमोर मलाच बोलणार. फॉर्मच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं लिहिलं, 'इंग्रजी कच्चं. पुढच्या वर्षी बसवावी.' तो शब्दकोशात ठेवला आणि कोश मिटला. स्थळाचं काय, अशा बोलण्या लांबतातच, असं मनाला समजावलं. शहाणी ना मी! मुदत टळून गेल्यावर डोमाजींना सांगितलं, "शाळेच्या गडबडीत राहूनच गेला हो. माझी चूक झाली."

त्यांनी टोपली उचलून डोक्यावर घेतली. मग मलाच धीर देत म्हणाले, "होते, बाई. मानसाकडून होते." मी मान खाली घातली, ते त्यांना पश्चात्तापासारखं दिसलं असेल.

दोन बाजार गेले. तिसऱ्या बाजाराला त्यांनी शब्दकोश मागितला. वच्छी मागते, म्हणाले. मी दिला. कप्पाळ माझं, फॉर्म आत आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं! तो आठवला तेव्हा मी वर्गात कविता शिकवत होते. खडू हातातच राहिला.

पुढच्या बाजाराला डोमाजी आले. कोश स्वच्छ फडक्यात बांधून आणला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला, आणि मी न उघडताच ओळखलं की फॉर्म होता त्याच पानात आहे. पेन्सिलीची ओळ मराठीत होती, वाचायला कोशाची गरज नव्हती. आता ते ओरडतील, निदान खोटं का बोललात असं तरी म्हणतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी खाली पाहतच विचारलं, "बाई, पोरीले इचारलं होतं?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मेथीची जुडी ओट्यावर ठेवली आणि बाजाराला गेले.

त्या जुडीत चिठ्ठी नव्हती. मी एकेक काडी सोडून पाहिली. पुढच्या बाजारालाही नव्हती. डोमाजींनी येणं सोडलं नाही, भाजी नेहमीसारखीच ताजी, वर मूठभर कोथिंबीरही नेहमीसारखीच. "बरं हाय ना, बाई?" इतकं विचारायचे. पण मला पुन्हा एकही शब्द विचारला नाही. एकदा मीच लाज सोडून म्हटलं, "डोमाजी, एक नवा उफराटा सापडलाय. सांगू?" ते हसले, जुनं हसू नव्हे ते, आणि म्हणाले, "राहू द्या. आता वय झालं." त्या दिवशी मी दार लावून रडले.

वैशाखात वच्छलेचं लग्न झालं. मी गेले होते. हळदीच्या अंगानं ती माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मी बसली असती, बाई. नापास झाली असती तरी बसली असती." तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दशक सरता सरता डोमाजी गेले. चार दिवसांचा ताप. मला निरोप उशिरा मिळाला. मी सिंदी मेघेला पोचले तेव्हा वच्छला अंगणात बसली होती, मांडीवर दीड वर्षाची मुलगी. तिनं मला आत नेलं, पाट दिला. कोनाड्यात एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. पोरगी रडू लागली म्हणून तिनं तो खेळायला खाली काढला आणि झाकण उघडलं. आत माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, दोऱ्यात ओवलेल्या. त्यांच्याखाली आणखी तेवढ्याच कोऱ्या पाठीच्या, एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे शब्द सापडायचे थांबले नव्हते.

माझा हात आपोआप डब्याकडे गेला. एक तरी हवी होती मला. निदान एका कोऱ्या पाठीवर काही लिहिता आलं असतं. आणि मग हात मागे घेतला.

"वच्छले," मी म्हटलं, "यातली एक घेऊ का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण लावलं, पोरीला कडेवर घेतलं.

"नाई, बाई," ती म्हणाली. "बसा. च्या मांडते."