नदी सोडून गेली ते पाणी

मी आणि माझा मुलगा शेखर अमेरिकेतल्या त्याच्या गावाहून, एडिसनहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत माझी पिशवी होती. तिच्यात शेजारच्या आयसेलिनमधल्या देशी दुकानातला नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि पैठणहून आणलेला खण. मिसिसिपीची ओटी भरायची आणि मुलगा परत मागायचा, असं मी घरूनच ठरवून आले होते. साल १९८६. शेखरला इथे येऊन आठ वर्षं झाली होती आणि ह्यांनी त्याच्यासाठी घरावर वरचा मजला बांधून ठेवला होता. "नदी काय पोस्टमन आहे?" म्हणून हे मला हसले होते. हसेनात का!

"आई, दोन दिवसांचा ड्राइव्ह आहे हं. मधे कम्प्लेंट नाही करायची."

"पैठणहून नागपूरला एस.टी.ने गेलेली बाई आहे मी. तू गाडी चालव."

वाटेत रेस्ट एरियात (हमरस्त्यालगतचा विसावा) बाकावर बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी इलिनॉयच्या सपाट, मक्याने भरलेल्या शिवारात शिरलो आणि एकदम पाणी चमकलं. चांगलं रुंद, वळत गेलेलं.

"थांबव गाडी!"

"आई, मॅप तर बघू दे..."

"तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. मला नदी कळत नाही?"

काठाला उतरून साग्रसंगीत ओटी भरली. "बाई, माझा मुलगा मला परत दे," म्हणून हात जोडले. पाण्यात सोडलेला नारळ मात्र जागचा हलेना.

तिथून जवळच कहोकिया. तिथे माउंड (माणसांनी रचलेल्या मातीच्या टेकड्या) आहेत. सर्वांत मोठ्यावर चढता चढता मला धाप लागली. वर पिकल्या केसांची एक गाइडबाई माहिती सांगत होती. मी मागचं पाणी दाखवून विचारलं, तर म्हणाली, "ती नदी नव्हे. नदीचं जुनं पात्र आहे. नदी केव्हाच पश्चिमेला सरकली."

अगं बाई! नालाकृती सरोवर! दरवर्षी फळ्यावर काढायचे मी ते, आणि ओटी त्याचीच भरून बसले! शेखर पोट धरून हसला.

गाइडबाई सांगत होती. नदी सरकताना मागे गाळ टाकत गेली. गाळावर मका पिकला, जुन्या पात्रांत मासे मिळाले, आणि हजारेक वर्षांपूर्वी इथे मोठं नगर उभं राहिलं. होड्यांतून उत्तरेचं तांबं यायचं, समुद्राचे शिंपले यायचे. आणि हे माउंड टोपलीटोपलीने माती वाहून रचलेले. अमेरिकेत जुनं काही नाही, असं मी वर्गात ठणकावून सांगत आले होते. ते तिथेच मागे घेतलं. आमची गोदावरी काय, ही काय, गाळ टाकणाऱ्या नदीकाठीच माणसं स्थिरावतात.

"नदी परत येते का जुन्या पात्रात?" मी विचारलं.

"सहसा नाही."

शेखरचं हसू थांबलं. "आई, मी सिटिझनशिपचा फॉर्म भरलाय. तू यायच्या आधीच. तुला सांगायचा धीरच होत नव्हता."

त्या परक्या टेकडीवर, चार लोकांदेखत मी रडले.

मग डोळे पुसून म्हटलं, "चल, खरी नदी दाखव." मिसिसिपी गढूळ होती, वेगात होती. पिशवीत मूठभर तांदूळ उरले होते, ते वाहिले. या वेळी मागितलं एवढंच, "ह्याला सांभाळ."

पैठणला पोचले. चहाचा कप हातात देत ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली नदी?" विचारताना हसले नाहीत.

"वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवा," मी म्हटलं.

हे किल्ली घेऊन वर गेले आणि बराच वेळ एकेक खिडकी उघडत राहिले.