पुसलेली पावलं

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. मी एकेचाळीस वर्षांचा. हातात फक्कीचं घमेलं, पायात काही नाही, आणि समोर स्टेजवर माझ्या पोरीचा बाप म्हणून दुसराच माणूस उभा.

लाउडस्पीकरवर क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, "आता वडिलांच्या जागी आपले आप्पासाहेब शाल-नारळ स्वीकारतील."

वडिलांच्या जागी. मी मेलो नव्हतो. मैदानाच्या कडेला, माती दाबायच्या दगडी रुळाशेजारी उभा होतो. सगळ्यांना दिसत होतो. टाळ्या पडल्या.

भिंगारला लष्कराच्या हद्दीला लागून हा क्लब. मी तिथं मैदान सांभाळायचो. मुरमाचं मैदान. रोज झाडायचं, पाणी मारायचं, रूळ ओढायचा, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या. आप्पासाहेब क्लबचे अध्यक्ष, काष्टीकडचे मोठे बागायतदार. कधी वाकडं बोलले नाहीत. गोड बोलूनच लांब ठेवायचे. माझ्या आजानं ख्रिस्ती धर्म घेतलेला. रविवारी आम्ही चर्चच्या बाकावर बसायचो, पण क्लबात आमची जात कुणी विसरलं नव्हतं. माझा कप वेगळा, खिडकीत पालथा.

मार्था माझी थोरली. मेंबरांनी टाकलेल्या मोडक्या स्टिका मी सुतळीनं आवळून घरी न्यायचो, त्यातनं तिला हॉकीचं वेड लागलं. मिशनच्या शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणाल्या, पोरगी लांब जाईल. पण शाळेचं मैदान अंगणाएवढं. क्लबात मी एकदा विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, "इथं मोठी माणसं खेळतात. पोरीबाळींचा पाळणा नाही हा."

मग विचारायचं सोडलं. तांबडं फुटताना मागच्या फाटकानं तिला आत घ्यायचो. अनवाणी पळायची. बॉल गोलच्या फळीवर असा बसायचा की कावळे उडायचे. मेंबर यायच्या आत तिला घालवायचो आणि खराट्यानं तिची पावलं पुसायचो. कुठं टाच रुतलेली, कुठं वळताना अंगठा ओढलेला. सगळं पुसायचं. वर पाणी, वर रूळ, नव्या रेघा. मैदान कोरं. कैक वर्षं हेच. कुणाला पत्ता नाही. मला त्याची ऐटबी होती.

वस्तीत लोक हसायचे. शेजारचा योहान म्हणायचा, "गुडघ्यावर झगा घालून पोरगी पळवतो. नवरा कोन देनार रं हिला?"

"तुला मागितलाय का?" मी म्हणायचो.

ती जिल्ह्याला खेळली, राज्याला खेळली, मग देशाच्या संघात गेली. विमानानं परदेशी जाऊन खेळली. परत आली ती निळा ब्लेझर घालून. तिच्या आईनं आधी तो हुंगला. "परदेशाचा वास असा व्हय?" म्हणाली. लई हसलो आम्ही त्या दिवशी.

तवा क्लबाला एकदम आठवलं, पोरगी आपली आहे.

सत्काराच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीनं मला बाजूला घेतलं. "पाहुणे बाहेरचे आहेत. स्टेजवर तुलाच अवघडल्यासारखं होईल. आप्पासाहेब पालक म्हणून राहतील. पुढच्या दौऱ्याच्या शिबिराला त्यांचीच शिफारस लागते. कळलं ना?"

कळलं. घरी बोललो नाही. पोरीचं शिबिर हुकवायचं का माझ्या एका शालीसाठी?

म्हणून उभा होतो रुळाशेजारी, दात आवळून. आप्पासाहेब शाल घेऊन बोलायला लागले. "याच मैदानावर आम्ही हिला घडवलं. हिचं पाऊल न् पाऊल या मातीला ठाऊक आहे."

मी मैदानाकडं बघितलं. सकाळीच रूळ फिरवलेला. एक पाऊल नव्हतं. सगळी मी पुसली होती, माझ्या हातानं. आणि त्या कोऱ्या जागेवर हा माणूस आपलं नाव लिहीत होता.

एका जागी उभं राहवेना.

फोटोवाल्यानं विचारलं, "वडील कोण?"

आप्पासाहेब हसले. "मीच समजा."

मार्था मान वळवून मला शोधत होती. सेक्रेटरी माझ्यावर खेकसला, "अरे, ते घमेलं हलव. फोटोत येतंय."

मी घमेलं तिथंच खाली ठेवलं. पायऱ्या चढलो. पाय फक्कीनं भरलेले. लाल गालिच्यावर पांढरे ठसे उठत गेले.

"आप्पासाहेब, शाल ठिवा तुमाला. बाप मी हाय."

ते माझ्या कानाशी आले. हळूच, गोडच. "शिबिराचं विसरलास का?"

मी काही बोलायच्या आत मार्थानं माईक ओढला. "हे माझे बाबा. यांनी मला इथं चोरून खेळवलं. तुम्ही एक दिवस खेळू दिलं नाहीत."

खाली कुणीतरी टाळी वाजवली. एकटीच वाजली, आणि थांबली.

पायऱ्या उतरताना सेक्रेटरीनं मला गाठलं. "उद्या मैदान साफ कर, किल्ली ठेव आणि चालता हो."

घरी तिच्या आईनं चूल पेटवली नाही. "गेलं पोरीचं शिबिर," एवढंच म्हणत राहिली. घरात बसवेना, बाहेर थांबवेना. मार्था स्टिकेच्या मुठीला पट्टी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, सकाळी जायचं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठं फाटक उघडलं. दोन्ही दारं. मार्थाला पुढं घातलं. उन्हं आली तरी ती थांबली नाही, मी थांबवली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत मुरूम तिच्या पावलांनी उकरून निघाला. मेंबर आले, काठाशी थांबले. मागनं सेक्रेटरी धावत आला.

"हे काय करून ठेवलंस? पूस आधी ते!"

मी किल्ली रुळावर ठेवली. खराटा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"तू पूस," म्हणालो.