टाकीला कुलूप

"वैनी, टाकी न्हाय गळत. तुमीच पाणी लई वापरताय," ठेकेदार म्हणाला आणि माझं डोकंच सटकलं.

भवानी पेठेतलं जुनं घर पाडून आम्ही त्याच्याकडून नवं बांधून घेतलं होतं. आमच्या सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, म्हणून जमिनीत मोठी टाकी. करारात मी भांडून लिहून घेतलं होतं, टाकी गळली तर त्यानं स्वखर्चानं नीट करून द्यायची. आणि राहायला येऊन महिना होत नाही तोवर दर वेळी पुढचं पाणी यायच्या आधीच टाकीचा तळ दिसायला लागला.

"मग कुलूप घाला," मी म्हणाले. "भरली की घाला. किल्ली तुमच्या खिशात. पुढचं पाणी येईल त्या दिवशी तुम्हीच उघडा."

"अगं, तोवर आपण काय करायचं?" नवरा कानाशी पुटपुटला. पण तोंडातून गेलं ते गेलं.

टाकी भरली. त्यानं पाण्याच्या पातळीवर खिळ्यानं रेघ ओढली, झाकणाला कुलूप ठोकलं. त्या दिवसापासून मी कळशी घेऊन शेजारणीच्या दारात. ती द्यायची बिचारी, पण तिच्याकडं तरी कुठलं जास्तीचं? भर उन्हाळा, खरकटी भांडी मोरीत तशीच. आणि मला धास्ती एकच: खरंच गळत नसली तर? या माणसापुढं काय तोंड दाखवू?

पाण्याच्या दिवशी तो आला. कुलूप काढलं, मोबाईलचा उजेड आत धरला. पाणी रेघेच्या हातभर खाली.

"उन्हानं उडालं असंल की."

"कुलपातलं?" मी केवढ्यानं तरी ओरडले.

तो गुडघ्यावर बसून आत बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "करून देतो, वैनी. पण टाकी कोरडी लागंल. हाय ते पाणी काढा, अन् आजचं बी घेऊ नका."

शेजारीण धावत आली. तिची पिंपं भरली, आमच्या घागरी, तपेली, बादल्या भरल्या. तरी टाकीत केवढं तरी उरलंच. शेवटी मीच मोटर लावली आणि पाइप गटारात सोडला. पाणी वाहत होतं आणि मला रडू आवरेना.

"जिंकलीस की गं," नवरा म्हणाला.