कॅन्टीनच्या टेबलावरची एसआयपी

लोक किस्सा सांगून मोकळे होतात; मी तारीख टाकून लिहून ठेवतो. त्यामुळे आमच्या चाकणच्या कंपनीतल्या टेबलाचे किस्से वर्षानुवर्षं वाढत गेले. म्युच्युअल फंडातले पैसे तेवढे वाढले नाहीत!

टेबलावर तिघं: मी, चऱ्होलीचे गव्हाणे आणि मराठवाड्यातले दत्ताभाऊ, बारा वर्षं कंत्राटावर. तिघांचा फंड एकच, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचा. "आपल्या धंद्यातलं आपल्याला कळतं," एवढाच आमचा अभ्यास! दत्ताभाऊंना त्यातून लेकीची नर्सिंगची फी भरायची होती, येत्या जूनमध्ये.

*

बाजार पडला की दत्ताभाऊ फंडातली दरमहाची एसआयपी बंद करायचे. चढला की चालू. असं तीनदा झालं. शेवटी मी डायरी उघडून दाखवली, "भाऊ, स्वस्तात थांबलात आणि महागात घेतलंत."

"पीस खराब यायलेत म्हटल्यावर मशीन चालू ठेवता का तुम्ही? आधी बंद करायची, नीट झाली की चालू. बारा वर्षं हेच शिकवलंय मला!"

सुपरवायझर शेजारीच जेवत होते. त्यांनीही मान डोलावली.

*

आम्हाला फंड विकणारा कासारवाडीचा एजंट महिन्यातून एकदा गेटवर यायचा. फंड का पडला विचारलं, तर त्याच्या मते एकदा परदेशी गुंतवणूकदारांनी पैसे काढले. एकदा अमेरिकेत व्याज वाढलं. मग डॉलर महागला, मग कुठेतरी युद्ध.

गव्हाणे शांतपणे म्हणाले, "समदं बिघडतंय तिकडं, मग पैसं आमचंच का जातंय रं?"

*

फंड खाली असला तरी एजंटचं कमिशन आमच्याच पैशातून कापलं जातं, हे मला फार उशिरा कळलं. मी त्याला विचारलं. पोरगं प्रामाणिक निघालं.

"काका, तुमचा तोटा झाला म्हणून मला पेट्रोल फुकट मिळतं का?"

गव्हाणे म्हणाले, "आमी चुकलोच. फंडात न्हाई, ह्याच्यातच पैसं घालाय पायजे हुतं!"

आम्ही हसलो. दत्ताभाऊ हसले नाहीत. जूनला दोनच महिने उरले होते.

*

मग एका सकाळी खर्चकपातीची नोटीस लागली. कमी केलेल्या कंत्राटी कामगारांच्या यादीत दत्ताभाऊंचं नाव होतं.

कंपनीचा खर्च वाचणार म्हणून त्याच दिवशी तिचा शेअर उसळला. आमच्या फंडात आमच्याच कंपनीचे शेअर भरपूर, त्यामुळे फंडही वर गेला. कितीतरी महिन्यांनी मोबाइलवर हिरवा आकडा दिसला.

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ गेटपास जमा करायला आले आणि टेबलाशी टेकले. मी त्यांना मोबाइलवरचा आकडा दाखवला. त्यांनी तो पाहिला, बोटांवर काहीतरी मोजलं.

"फीसला अजून थोडे कमी पडायलेत, राव," ते म्हणाले. "तुमची दोघांची नावं यादीत कधी लागायलीत?"