परळच्या भगिनीचा पत्ता

माझ्या थोरल्या साडूंइतका गुप्ततेचा वैरी अख्ख्या गिरगावात दुसरा झाला नसेल. फणसवाडीतल्या त्यांच्या खोलीचं दार सकाळी दूधवाल्यासाठी उघडायचं ते थेट झोपतानाच लागायचं. रक्ततपासणीचा रिपोर्ट ते गॅलरीत उभे राहून मोठ्याने वाचत, आणि समोरून कुणी "साखर वाढली हो आजोबा!" म्हणालं की "थांबा, कोलेस्टेरॉल यायचंय अजून," म्हणून पान उलटत. सगळी नोकरी कोर्टाच्या रेकॉर्डखात्यात गेलेल्या या माणसाचं मत असं, की कायद्याचं बोलणं चारचौघांत व्हावं. कानात सांगतात ती चुगली.

निवृत्तीनंतर लोक योगासनं धरतात, साडूंनी क्रिप्टोचा कायदा धरला. स्वतः एक नाणं कधी घेतलं नाही. "न दिसणाऱ्या नाण्यांना निदान कायदा तरी दिसणारा हवा," एवढंच त्यांचं प्रयोजन. सरकारी परिपत्रकं ते रहस्यकथेसारखी वाचत, आणि माझी मेव्हणी पोळ्या लाटत असली की "आता पुढच्या कलमात काय असेल, सांग बघू," असं तिला विचारत. इंटरनेटवर त्यांनी मराठीत एक खुला गट काढला होता. सभासद व्हायची अट नाही. कुणीही यावं, वाचावं, विचारावं. प्रत्येक उत्तराला जावक क्रमांक. स्वतःची चूक सापडली तर जुनं उत्तर पुसायचं नाही, त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहायचं, 'वरील उत्तर चूक आहे. चूक माझी.' मी एकदा म्हटलं, पुसून टाका की सरळ. तर म्हणाले, "आणि ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातून कोण पुसणार?"

अडचण एवढीच होती, की खाजगीत विचारलेल्या प्रश्नालाही ते तिथेच उत्तर देत. वरळीच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याने हळूच विचारलं, की घेतलेली नाणी बायकोपासून लपवली तर कायद्याला चालेल का. साडूंनी लिहिलं, 'वरळीच्या ज्या गृहस्थांची बोट निळी आहे आणि ज्यांनी नुकतीच मिशी काढली, त्यांचं नाव गुप्त ठेवून उत्तर देत आहे.' संध्याकाळच्या आत बायको बोटीवर हजर.

त्यावरून आमचं वाजलं. मी सॉलिसिटरच्या ऑफिसातला हेडक्लार्क. माझा जन्म बंद पाकिटांत गेलेला. "अहो, लोकांना लाज असते," मी म्हणालो.

"लाजेपायीच फसतात, साडूबुवा! एकाने विचारलं तर दहा जण वाचून शहाणे होतात. तुम्हाला दार लावूनच बोलायचं असेल, तर मांडा आपलं वेगळं बिऱ्हाड."

मी मांडलं. निमंत्रितांपुरता बंद गट, दादरला घरी बसून चालवलेला. लोकांची अब्रू झाकावी हे कारण खरंच होतं. पण आपल्यालाही कुणी चार प्रश्न विचारावेत, ही हौसही त्यात होती. लोक भराभर आले. मला 'सर' म्हणू लागले. साडूंच्या खुल्या अंगणात हळूहळू चिटपाखरू उरलं नाही.

आता इतकी वर्षं जे बोललो नाही ते लिहितो. मला तो कायदा येत नव्हता. माझ्याकडे प्रश्न आला की मी खोट्या नावाने, गाव बदलून, तो साडूंच्या खुल्या गटात टाकायचो. तासाभरात त्यांचं उत्तर यायचं. जावक क्रमांक काढून मी ते माझं म्हणून आत चिकटवायचो. आमच्या सभासदांनी दादरला एका हॉलमध्ये मला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा साडू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमचे साडू. कायद्यात फार बारीक नजर."

लालबागच्या एका बाईंचे यजमान अचानक गेले. त्यांच्या फोनवर क्रिप्टोचं खातं होतं. 'मी ते उघडून नाणी माझ्या नावावर वळवू का?' असं बाईंनी मला विचारलं. मी बाहेर जाऊन 'परळची एक भगिनी' झालो. साडूंनी लिहिलं, पत्नीच आहात, हरकत नसावी. मी ते आत पोचवलं. 'सर, धीर आला. उद्या संध्याकाळी मुलगी आली की करते,' असं बाईंनी कळवलं.

सकाळी चहा घेताना साडूंच्या गटात ठळक अक्षरं दिसली. 'वरील उत्तर चूक आहे. चूक माझी. परळच्या भगिनींनी फोनला हात लावू नये. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन कंपनीला रीतसर अर्ज करावा.'

माझ्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. तो मी 'सरां'नी चूक कशा शब्दांत कबूल करावी, या विचारात घालवला. शेवटी माझं उत्तर गुपचूप पुसलं आणि आपोआप निभावेल असं धरून चाललो. बाईंनी ते आदल्या दिवशीच वहीत उतरवून घेतलं होतं. त्यांनी तसंच केलं आणि कंपनीने खातं गोठवलं. मग मात्र मी साडूंची दुरुस्ती बाईंना दिली, तीही स्वतःच्या नावाने.

तिकडे साडू रोज सकाळी खुल्या गटात लिहीत होते, 'परळच्या भगिनी, वाचलंत का?' उत्तर कोण देणार! एक दिवस दुपारी ते माझ्या दारात उभे. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात कागदांची चळत. परळमधल्या तीन चाळींच्या फळ्यांवर 'नवऱ्याच्या फोनवरून खातं उघडू पाहणाऱ्या भगिनीस' असा मथळा देऊन त्यांनी आपली दुरुस्ती लावली होती.

"एका चाळीत मला हाकललं हो," ते हसत म्हणाले. "त्यांना वाटलं, मीच भानगडीतला. परळला तुमची कुणाशी ओळख आहे का?"

"नाही," मी म्हणालो, आणि त्यांना चहा दिला. परळहून पुढचा रस्ता लालबागचाच होता.

बाईंच्या चार महिन्यांच्या खेपा झाल्या, पण काम झालं. मला तोंड उघडायला त्याहून जास्त दिवस लागले. साडू अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा खुर्ची त्यांच्या खाटेजवळ ओढून मी सगळं सांगितलं. शाल, टाळ्या, चोरलेली उत्तरं यांबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

"तिचं काम झालं?"

"झालं."

"नाव काय बाईंचं?"

मी सांगितलं. जरा वेळाने म्हणाले, "हे मला एकट्याला सांगून काय उपयोग, साडूबुवा? ज्यांनी तुमचं म्हणून वाचलं, त्यांना सांगा."

रविवारी सांगतो म्हणालो. तसे तीन रविवार गेले, आणि चौथ्याच्या आधी साडूच गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी बंद गटात सगळं लिहिलं, मग त्यांच्या खुल्या गटात, माझ्या नावानिशी. काही जण चिडून निघून गेले. लालबागच्या बाईंचा फोन आला.

म्हणाल्या, "परळला शोधत फिरले ते मला? ह्या वयात?"

"हो."

"माझं काम झालं, ते कळलं होतं ना त्यांना?"

"ते सांगितलं होतं मी."

"मग? काय म्हणाले?"

"तुमचं नाव विचारलं," मी म्हणालो. "आणि ते दोनदा हळूच म्हणून पाहिलं."

बाई रडत होत्या की काय, कळलं नाही. मीही फोन ठेवला नाही, त्यांनीही ठेवला नाही.