कोंबडीची चोच कुणाकडे

क्वालालंपूरच्या त्या गल्लीत लान-चेनं त्रेचाळीस वर्षं कोंबड्या कापल्या. एकोणिसाव्या वर्षी पिसं उपटायला आली, दुकानदारानंच लग्न केलं, तो गेला आणि कोंबड्या कापायचा लाकडी ओंडका तेवढा हिच्याकडे राहिला. चे म्हणजे ताई. सत्तरीचे म्हातारेसुद्धा तिला ताईच म्हणत. बाई तोंडाची भारी फटकळ. राहायची गाळ्यावरच्या माळ्यावर. दुसरं छप्पर नव्हतं.

गल्ली मात्र बदलत चालली होती. शवपेट्यांच्या दुकानात कॉफी आली. गाळ्यांचा छोटा मालक वाय-होंग ऑस्ट्रेलियात शिकून आला, त्यानं शेवयांच्या जुन्या कारखान्यात साऱ्या आशियाचं जेवण एका ताटात वाढणारं झकपक हॉटेल काढलं. जुने भाडेकरू उरले तिघं: लान-चे, घड्याळजी फोक आणि पाट्या रंगवणारा क्वान.

चिनी नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भाडेकरूंना जेवू घालायची थोरल्या मालकांची रीत होती. मुंडक्यासकट अख्खी कोंबडी यायची. तिची चोच ज्याच्याकडे, त्यानं मुकाट जेवायचं आणि महिन्याभरात गाळा रिकामा करायचा. थोरले गेले, तशी रीतही गेली, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

यंदा त्या सकाळी वाय-होंग स्वतः आला. "दुपारी सगळे माझ्याकडे जेवायला. कोंबडी तुमचीच हवी, लान-चे. मुंडकं ठेवा हं."

तो वळताच ती करवादली, "मेला सगळं विसरून आला, आणि नेमकं एवढंच बरं लक्षात राहिलं!"

फोकचे हात आता थरथरत, त्याला नवी जागा कोण देणार? क्वानची बायको अंथरुणाला खिळलेली. या दोघांसाठीच, असं मनाशी म्हणत तिनं सुरी उचलली आणि मुंडकं उडवलं. वाटीखाली झाकून ठेवलं.

हॉटेलात जेवणाला फोक आपला एकुलता एक कोट घालून आला. फुगलेल्या पावात चिमूटभर मसालेदार मटणाचं रेंडांग, वर जपानी लोणचं. "परातीएवढं ताट आणि चिमणीचा घास," लान-चे पुटपुटली. कुणी हसलं नाही. फोकनं जेवायच्या काड्या हातात धरल्या होत्या, पण डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे.

कोंबडी आली. काळ्या रश्शात चकचकीत, वर समुद्री शेवाळाचा भुगा. मुंडकं नाही!

"लान-चे, मुंडकंच नाही गं!" फोकचे डोळे भरून आले. मग तो असा जेवला, की जणू आठवड्याचा उपाशी. क्वाननं तर तंगडी बायकोसाठी बांधून घेतली. लान-चेलाही घास गोड लागला.

वाय-होंग आत गेला आणि तीन लाल पाकिटं घेऊन आला. सणाची ओवाळणी समजून तिघांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

क्वाननं आपलं फोडून वाचलं, मग बाकीची दोन पाहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "गाळा सोडायचा? तिघांनीही?"

"हॉटेल वाढवायला मला एकच गाळा हवा होता," वाय-होंग खाली बघत म्हणाला. "भागीदार तिन्ही मागत होते. मी म्हटलं, बाबांच्या रीतीनं होऊ दे, एक जाईल, दोघं राहतील. कुणाचं नाव घ्यायचा मला धीर नव्हता. म्हणून तर मुंडकं मागितलं. तुम्ही ते पाठवलंच नाहीत, लान-चे. मग मी कुणाला निवडणार?"

पाकिटं कधी भरून ठेवली होती, हे कुणालाच विचारायचं सुचलं नाही.

क्वान बांधलेली तंगडी टेबलावरच ठेवून निघून गेला. फोक दारापर्यंत लान-चेच्या बरोबरीनं आला. तीस वर्षं रोज सकाळी तो तिच्या ओंडक्यापाशी चहा प्यायचा.

"खरं सांग," तो म्हणाला. "चोच तुझ्याकडे वळेल म्हणून भ्यालीस ना?"

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण खरं तेच होतं. फोक रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला आणि त्यानं फळ्या लावून घेतल्या.